गुलमर्गमधलं भाड्याचं स्की सामान: पहिल्यांदा जाताय तर बुटापासून सुरुवात करा

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं पुण्याहून गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला गेलो होतो, त्यातलं सामान भाड्याने घ्यायचा अनुभव लिहितेय, कारण जायच्या आधी मी जॅकेट कुठलं घ्यावं यावर महिनाभर डोकं खपवलं आणि बुटांचा विचार एकदाही केला नाही, आणि खरं सांगते, सगळा खेळ बुटांचा आहे.

पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्याने ज्या दुकानात नेलं (नाव देत नाही) तिथे माणसाने नुसतं विचारलं "चप्पल का नंबर?", मी म्हटलं पाच, त्याने ढिगातून एक जोड काढून दिला, सैल वाटतोय म्हटलं तर म्हणाला दोन मोजे घाला. घातले. दोन तासांत नडगीवर लालभडक वळ, पाय आतल्या आत सरकतोय आणि स्की भलतीकडेच चाललीये. उस्तादने, म्हणजे स्की शिकवणाऱ्याने, वळायला सांगितलं की मी गुडघा वळवायचे पण बुटात पायच हलत होता, तर स्कीला ते कळणार कसं!

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या पोऱ्याने दुसरं दुकान दाखवलं. पत्र्याच्या छपराचं, पाटी पण धड नाही, आत बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) पेटलेली आणि फिरन (लांब काश्मिरी झगा) घातलेले एक चाचा. हा रिव्ह्यू खरं तर त्यांचाच. त्यांनी आधी मोजे काढायला लावले, पाय भिंतीला टेकवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत टेपने मोजला. २४ सेंटीमीटर. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पायाची सेंटीमीटरमधली लांबी असते हे मला तेव्हा कळलं, कालच्या बुटावर २६ छापलेलं होतं!! मग एकच पातळ लांब मोजा, बूट घालून टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागे नीट बसते, मग बकल. थर्मलची पँट बुटाच्या आत खुपसलेली होती ती त्यांनी बाहेर काढायला लावली, आत फक्त मोजा आणि नडगी, घडी राहिली की तिथेच टोचतं. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं मागे यायला हवीत. आली!

स्की माझ्या हनुवटीपर्यंत येईल अशी दिली, नवशिक्याला आखूड बरी, वळायला सोपी. आणि वजन, उंची, वय विचारून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू फिरवून सेट केला. पडल्यावर बूट स्कीतून वेळेवर सुटायला हवा, नाहीतर गुडघा पिरगळतो, त्यामुळे वजन चोरून सांगू नका प्लीज. आदल्या दिवशी हे कोणी विचारलंच नव्हतं, आठवलं की अजून धस्स होतं.

त्या दिवशी गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारावर दुपारपर्यंत मी स्कीची टोकं जवळ आणून, मागची बाजू फाकवून थांबायला शिकले. तोच उस्ताद, तोच उतार, फक्त बूट बदलले.

कमी काय? हेल्मेट बरं होतं पण गॉगलवर इतके ओरखडे की ढगाळ उजेडात उंचसखल काही कळेना, गॉगल आपला न्या. हातमोजेसुद्धा आपलेच, वॉटरप्रूफ, लोकरीचे पहिल्या दहा मिनिटांत भिजतात. आणि बुटाचं आतलं अस्तर सकाळी ओलसर असायचं, तिसऱ्या दिवशी मी आदल्या संध्याकाळीच चाचांना सांगून बूट बुखारीजवळ ठेवायला लावले तेव्हा कोरडे मिळाले. सांगावं लागतं, आपणहून कोणी करत नाही.

घरून निघताना जीन्स अजिबात नको, सुती बनियनपण नको, घामाने ओलं झालं की उताराखाली रांगेत उभं राहिलं की काकडायला होतं. सनस्क्रीन जास्त घ्या, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं, ह्यांच्या नाकाची सालपटं निघाली. आपलं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तयारी म्हणून मी महिनाभर भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसायचे आणि रविवारी सिंहगड, त्यातलं भिंतीचं जास्त कामी आलं, मांड्या भरून यायच्या पण टिकल्या.

गंडोलाचं (डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं) तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा. पण दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, म्हणजे जवळजवळ ४००० मीटरवर, स्की घेऊन जाऊ नका, तिथला उतार दाबून गुळगुळीत केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका असतो, ते शिकलेल्यांचं काम. आम्ही पहिल्या टप्प्यापर्यंत नुसतं बघायला गेलो, कहवा प्यायलो, खाली येऊन परत आपल्या उतारावर.

चाचांचं दुकान बाजाराच्या शेवटाला आहे, बाहेर जुन्या लाकडी स्की उभ्या करून ठेवल्यात. सकाळी नऊच्या आत जा, लहान नंबरचे बूट लवकर संपतात.