पीएफचं ऑनलाइन पासबुक: ठेक्यावरच्या कामगाराला किती उपयोगी?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये काम कंपनीत आणि पगार ठेकेदाराकडून, असं सर्रास चालतं. पगाराची स्लिप मिळेलच याची खात्री नाही. अशा कामगाराकडे नोकरीचा भक्कम पुरावा म्हणजे पीएफचं पासबुक. यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) चालू करून आधार जोडला की ते सरकारच्या उमंग अॅपवर फुकट दिसतं. सेवा खरोखर चांगली आहे, फक्त आकडे वाचता यायला हवेत.

समजा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,००० रुपये. पासबुकात कामगाराचे १,५६०, मालकाचे ४७७ आणि पेन्शनचे १,०८३ दिसतील. ४७७ बघून अनेकांना वाटतं, ठेकेदाराने पैसे खाल्ले. तसं नाही. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, ३.६७ खात्यात राहतात. खरी लबाडी वेगळीच असते: मालकाचा हिस्साही पगारातूनच कापायचा. कपात १,५६० ऐवजी ३,१२० दिसली, तर ती सरळ बेकायदा आहे.

महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. सलग दोन महिने नोंद नसेल तर ईपीएफआयजीएमएस या पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि त्यात ठेकेदारासोबत मूळ कंपनीचंही नाव लिहा. 'कंपनीकडून बिल निघालं नाही' ही सबब चालत नाही. ठेकेदाराने भरलं नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

ही सेवा तोकडी पडते ती ठेकेदार बदलल्यावर. मशीन तेच, सुपरवायझर तोच, पण कागदावर नवी नोकरी. आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला की नवा ठेकेदार सरळ दुसरा यूएएन काढून मोकळा व्हायचा आणि सेवेचे तुकडे पडायचे. पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. त्यात बरेच जण दर वेळी फॉर्म १०सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फार मोठं नुकसान आहे हे. पैसे काढू नका, खातं ट्रान्सफर करा. जुना यूएएन रुजू होतानाच लेखी द्या.

जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख टाकली नाही तर ट्रान्सफर अडतं. नोकरी सोडून दोन महिने झाले की पीएफच्या सदस्य पोर्टलवर 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'मधून ती स्वतः टाकता येते. आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.