गंगापूर रोडवरचे उपाहारगृह : पहाटेचा अमेरिकन फुटबॉल, मिसळ आणि क्लीव्हलंडचा हिशेब

नाशिकमध्ये क्रिकेटचा सामना चार माणसांत बसून पाहण्यासाठी जागा शोधावी लागत नाही. अमेरिकन फुटबॉलसाठी मात्र ती शोधावी लागते, कारण त्या खेळाचे बहुतेक सामने आपल्याकडे मध्यरात्री किंवा भल्या पहाटे सुरू होतात आणि त्याचे चाहते शहरभर इतके विखुरलेले आहेत की एका सोसायटीत दोन सापडणेही कठीण. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीतील उपाहारगृहाने गेल्या हंगामात आपली माडीवरची खोली आमच्या गटाला सोमवारी सकाळी उघडून दिली, त्या सोयीविषयी हे परीक्षण आहे. खोलीत वीसेक माणसेच मावतात, म्हणून नाव छापू नये अशी मालकांची इच्छा आहे आणि ती मी पाळत आहे. माझे मत आधीच सांगतो. पडदा समाधानकारक आहे, मिसळ उत्तम आहे, कॉफी टाळावी. पण सामना संपल्यावरही शांतपणे बसून एखाद्या संघाची बाजू मुळापासून तपासता येईल अशी दुसरी जागा या शहरात माझ्या माहितीत नाही.

वेळेचे गणित समजून घेतले पाहिजे. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगचा, रविवार रात्रीचा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे ८.२० ला सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो आपल्याकडे सोमवारी पहाटे ५.५० ला असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की ६.५० ला. सामना साधारण तीन तास चालतो. उपाहारगृह जॉगिंग ट्रॅकवरून परतणाऱ्या मंडळींसाठी सहाला उघडते, पण ऑक्टोबरपर्यंत मालक आमच्यासाठी पाऊण तास आधी कुलूप काढत असत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी जादा पैसे मागितले नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना ही वेळ जमत नाही. ज्यांची कार्यालये दहाला उघडतात त्यांना हिवाळ्यातही बहुतेक सामना पाहून निघता येते. दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला सुरू होतात, तोवर येथे आवराआवर सुरू झालेली असते, त्यामुळे ते ज्याने त्याने घरीच पाहायचे. अपवाद लंडनमधील सामन्यांचा. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी क्लीव्हलंड ब्राउन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज यांचा लंडनमधील सामना आपल्या संध्याकाळी सातला सुरू झाला, आणि ती रविवारची संध्याकाळ या खोलीने पाहिलेली सर्वांत गर्दीची असावी.

खोलीतील दूरचित्रवाणी संच भिंतीवर थोडा उंच बसवलेला आहे, त्यामुळे पहिल्या रांगेतील माणसाची मान दुखते. दुसरी रांग योग्य. सामन्याची वर्गणी आमच्यापैकी एकाची आहे आणि इंटरनेट उपाहारगृहाचे. चित्र स्वच्छ येते, आवाज माफक ठेवावा लागतो, कारण खालच्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. या खोलीची खरी दौलत म्हणजे बाजूच्या भिंतीवरील पांढरा फळा. दुपारनंतर येथे शिकवणी वर्ग भरतो, त्याचा तो फळा; सकाळी तो आमच्या ताब्यात असतो. ज्या खेळात एका खेळाडूचा करार समजण्यासाठी बेरीज-वजाबाकी करावी लागते, त्या खेळाच्या चाहत्यांना फळा मिळणे ही लहान गोष्ट नाही.

आमचा गट मुख्यतः पिट्सबर्ग स्टीलर्सचा. कोणाचा भाऊ तेथे नोकरीला, कोणाची मुलगी तेथे शिकायला, अशी ती ओढ लागलेली. ओहायोत शिकून परतलेली एक तरुण अभियंता मात्र क्लीव्हलंडची निष्ठावान चाहती आहे. दोन्ही संघ एकाच विभागातले आणि त्यांची शहरे दोन-अडीच तासांच्या अंतरावरची, त्यामुळे हे वैर जुने आणि घट्ट आहे. ब्राउन्सचे नेमके दुखणे कोणते, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) की व्यवस्थापन, हा वाद हंगामभर चालला, आणि तो गटात एकच प्रतिस्पर्धी असूनही कधी हुल्लडीवर गेला नाही.

आमच्यातील ज्येष्ठ काकांचे म्हणणे साधे होते. क्वार्टरबॅक बरा नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. ब्राउन्सचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनने २०२२ मध्ये सहा, २०२३ मध्ये सहा आणि २०२४ मध्ये सात सामने खेळले, शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या टाचेजवळचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा तुटल्याचे जाहीर झाले. ‘‘ज्याला मैदानात उभे राहता येत नाही, त्याच्या नावावर मॅनेजरला किती दिवस दोष देणार?’’ असा त्यांचा प्रश्न. त्यावर क्लीव्हलंडच्या चाहत्या अभियंता ताईंनी उठून फळ्यावर जो हिशेब मांडला, तो मला आजही निरुत्तर करणारा वाटतो.

मार्च २०२२ मध्ये ब्राउन्सने वॉटसनसाठी ह्यूस्टन टेक्सन्सला २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तीन वर्षांच्या ड्राफ्टमधील, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, शिवाय खालच्या फेऱ्यांतील आणखी काही. वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर मिळणार होते आणि त्यातील प्रत्येक डॉलरची हमी होती. इतकी मोठी संपूर्ण हमी लीगने तोपर्यंत पाहिली नव्हती. त्या वेळी वीसहून अधिक महिलांनी मसाजच्या सत्रांत लैंगिक गैरवर्तन झाल्याचे आरोप करून त्याच्याविरुद्ध दिवाणी दावे दाखल केलेले होते. त्याने आरोप नाकारले, टेक्सासमधील ग्रँड ज्युरींनी (खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) फौजदारी आरोप ठेवले नाहीत, परंतु लीगने त्याला ११ सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड केला. करारात पहिल्या वर्षाचे मूळ वेतन जेमतेम १० लाख ३५ हजार डॉलर ठेवलेले होते आणि त्या वर्षाची उरलेली रक्कम करारावर सही करण्याच्या बोनसच्या रूपात होती. बंदीमुळे कापले जाते ते मूळ वेतन, त्यामुळे अकरा सामन्यांचे वेतन गमावूनही त्याचे वेतनातील नुकसान साडेसहा लाख डॉलरच्याही आतच राहिले. हा आकडा फळ्यावर आल्यावर खोलीत कोणी काही बोलले नाही. खेळाडूच्या खांद्याचा किंवा पायाचा येथे संबंधच नव्हता. हा निर्णय कार्यालयात बसून, कागद समोर ठेवून घेतलेला होता, आणि एक चाहता म्हणून त्यातील पैशांपेक्षा ती बेफिकिरी मला अधिक बोचते.

पुढचे गणित सॅलरी कॅपचे. प्रत्येक संघाने एका हंगामात खेळाडूंवर किती खर्च दाखवायचा याला मर्यादा असते. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एखाद्या वर्षीचे वेतन बोनसमध्ये बदलले की तो खर्च हिशेबापुरता पुढील वर्षांवर पसरतो. ब्राउन्सचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि करार पाहणारे, अँड्र्यू बेरी यांनी वॉटसनच्या कराराबाबत हा उपाय पुन्हा पुन्हा वापरला, म्हणजे तो खेळत नसतानाही त्याचा भार पुढच्या हंगामांवर सरकत राहिला. काकांनी चष्मा काढून फळा दोनदा वाचला आणि एवढेच म्हणाले, ‘‘ताई, हे मला माहीत नव्हते.’’ अशा कबुलीसाठी माणसाला निवांत जागा लागते. गजबजलेल्या, मोठ्या आवाजात संगीत लावणाऱ्या ठिकाणी ती मिळत नाही.

ताईंचा दुसरा मुद्दा बेकर मेफिल्डचा होता आणि तो आम्हा स्टीलर्सवाल्यांना थेट लागणारा होता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडलेल्या या क्वार्टरबॅकने जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गच्याच मैदानावर प्लेऑफमध्ये आमचा ४८-३७ असा पराभव केला, आणि तोही मुख्य प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की कोरोनामुळे मैदानावर नसताना. पुढच्याच हंगामात चेंडू न फेकणाऱ्या हाताच्या खांद्याला दुखापत झालेली असताना तो खेळत राहिला, कामगिरी ढासळली, आणि वॉटसन आल्यावर त्याला कॅरोलिनाला देऊन टाकण्यात आले. तोच मेफिल्ड पुढे टॅम्पा बे संघाला २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे विभागाचे विजेतेपद मिळवून देतो, २०२४ मध्ये ४१ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकतो. क्लीव्हलंडला क्वार्टरबॅक मिळत नाही हे म्हणणे मग अर्धेच खरे ठरते. मिळालेला सांभाळता येत नाही, हा त्याचा उरलेला भाग आहे. तिकडे ह्यूस्टनने क्लीव्हलंडकडून आलेली २०२३ ची निवड पुढे देऊन विल अँडरसन हा बचावपटू मिळवला आणि जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये ब्राउन्सलाच ४५-१४ असे हरवले. त्या हंगामात क्लीव्हलंडला तिथवर आणणारा जो फ्लॅको हा हंगामाच्या मध्यावर घरून बोलावून आणलेला वयस्क क्वार्टरबॅक होता, हेही लक्षात ठेवावे.

२०२५ च्या हंगामाने या वादाला नवे इंधन दिले. ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल, पाचव्या फेरीत शेडूर सँडर्स, शिवाय परत आणलेला फ्लॅको आणि आमच्याच संघाने २०२२ मध्ये पहिल्या फेरीत घेऊन नंतर सोडलेला केनी पिकेट, असे चार जण एकाच वेळी शिबिरात. पिकेट हंगामापूर्वीच लास व्हेगसला गेला. फ्लॅकोने सुरुवात केली, लंडनमध्ये गॅब्रिएल पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि संघ १७-२१ असा हरला, त्यानंतर फ्लॅकोला सिनसिनाटीला, म्हणजे त्याच विभागातील प्रतिस्पर्ध्याला देण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये सँडर्सची पाळी आली. १९९९ मध्ये हा संघ नव्याने उभा राहिल्यापासून त्याने सामन्याच्या सुरुवातीपासून खेळवलेल्या क्वार्टरबॅकची संख्या चाळिशी ओलांडून गेली आहे. सँडर्स चांगला की गॅब्रिएल, यावर आमच्या खोलीतील तरुण मुले तावातावाने बोलत, पण माझ्या मते हा प्रश्नच दुय्यम होता. दर काही आठवड्यांनी माणूस बदलणाऱ्या संघात कोणत्याही नवशिक्याची परीक्षा न्याय्य होत नाही. मालक जिमी हॅस्लम यांनी मार्च २०२५ मध्ये वॉटसनचा डाव फसल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. तरीही हंगाम संपल्यावर, जानेवारी २०२६ मध्ये, नोकरी गेली ती २०२० आणि २०२३ चा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेल्या स्टेफान्स्की यांची. बेरी जागेवर राहिले. या बातमीनंतर भरलेल्या बैठकीत आम्हा प्रतिस्पर्ध्यांनाही आनंद झाला नाही.

आमच्या बाजूचाही हिशेब त्याच फळ्यावर झाला, हे नोंदवले पाहिजे. १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत स्टीलर्सचे मुख्य प्रशिक्षक तीनच : चक नोल, बिल काउहर आणि माइक टॉमलिन. ही स्थिरता आम्ही अभिमानाने सांगतो. त्यावर ताईंनी शांतपणे विचारले, ‘‘आणि प्लेऑफमधला शेवटचा विजय कधीचा?’’ तो जानेवारी २०१७ चा आहे. बेन रॉथलिसबर्गर २०२२ च्या आरंभी निवृत्त झाल्यापासून आम्हीही एकामागून एक क्वार्टरबॅक आजमावत आलो आहोत. तरीही मला दोन्ही संघांत फरक दिसतो, आणि तो असा की आमच्या चुका एका हंगामापुरत्या राहिल्या, तर क्लीव्हलंडने एका चुकीसाठी पुढची चार-पाच वर्षे गहाण टाकली.

आता खाण्याविषयी. मिसळ काळ्या मसाल्याची, मटकी पूर्ण शिजलेली पण न फुटलेली, रस्सा तिखट असला तरी घशाला न जाळणारा. सोबत पापड, दही, कांदा, लिंबू आणि मऊ पाव. सामन्याच्या पहिल्या क्वार्टरमध्ये (चतुर्थांशात) मागवली तर दुसऱ्यात येते, कारण रस्सा ताजा उकळेपर्यंत आचारी वाढत नाही. साबुदाणा वडा सोमवारी आवर्जून असतो आणि उपवास करणाऱ्यांना दाण्याची चटणी वेगळी मिळते. चहा दाट, आले भरपूर. कॉफी मात्र पाणचट आणि दर वेळी वेगळ्या चवीची, तिच्या वाट्याला जाऊ नये. खोलीचे भाडे नाही. माणशी दीडशे-दोनशे रुपयांचे खाणे झाले की मालक समाधानी असतात.

उणिवा दोन आहेत आणि पहिली गंभीर आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर खालचे दिवे चालतात, माडीवरचा संच आणि इंटरनेट बंद पडते. हंगामात हा प्रसंग एकाहून अधिक वेळा आला आणि एकदा तर शेवटची दोन मिनिटे आम्ही मोबाइलच्या पडद्यावर दाटीवाटीने पाहिली. दुसरी उणीव जिन्याची : तो अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे, आणि डिसेंबरच्या अंधाऱ्या, गारठलेल्या सकाळी गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो त्रासाचा ठरतो. वाहने गल्लीच्या तोंडाशी लावावीत. आत शेजाऱ्यांची फाटके अडतात आणि त्यांची तक्रार रास्त असते.

नवा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होईल. इन्व्हर्टरची जोडणी माडीपर्यंत वाढवण्याचा अर्धा खर्च आमच्या गटाने उचलावा असा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवला आहे, आणि वायरमनकडून अंदाज मागवतो असे त्यांनी सांगितले आहे. ते काम झाले तर ही जागा मी पाचपैकी साडेचार गुणांची मानेन, तूर्त चार.