जापावाली ताई की न्हाऊ घालणाऱ्या मावशी? दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय

ऑफिसातल्या एकाच्या बायकोला आठवा चालू आहे, सासूबाईंचे गुडघे गेलेत, आईला बीपी, तर परवा चहा पिताना विचारत होता की एजन्सीची चोवीस तासांची जापावाली (म्हणजे घरी राहून बाळ-बाळंतिणीचं सगळं बघणारी बाई) ठेवू का सकाळी न्हाऊ घालायला येतात त्या मावशी पुरतील. टपरीवर अर्धवट सांगितलं, आता नीट लिहितो.

आमच्याकडे थोरलीच्या वेळी एजन्सीची ताई होती, धाकट्याच्या वेळी मावशी. दोन्ही सिझर, दोन्ही पुण्यातच, तोच टू बीएचके, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे. दुसऱ्या वेळी आम्हीच जरा शहाणे झालो होतो, तेवढे मार्क मावशींना फुकटचे मिळालेत हे आधीच कबूल करतो. पैशाचं म्हणाल तर एजन्सीच्या एका महिन्यात मावशींचे दोन महिने आरामात निघाले, पण त्यावरून कुणी ठरवू नये असं माझं मत.

ताई कामाला चोख होती, उगाच नावं ठेवणार नाही. सिझरनंतर पहिले पाच-सहा दिवस बायकोला कुशीवर वळताही येत नव्हतं, तेव्हा पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवायचं ताईला जमायचं, मला नाही, मी घाबरायचो. दुपटी, लंगोट, बाळंतिणीचं जेवण, कशाला काही सांगावं लागलं नाही. स्वतःची दोन पोरं गावी आजीकडे ठेवून आमचं पोर सांभाळायला आलेली बाई ती. मध्ये ती आठ दिवस सुट्टीवर गेली आणि बदली आलेलीला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं, पण ते सगळीकडेच होतं, चालायचं.

आमचं बिनसलं ते रात्रीच्या बाटलीवरून. थोरली जन्मली तेव्हा 2 किलो 300 ग्रॅम, म्हणून डॉक्टरांनी पहिले काही दिवस अंगावर पाजून झाल्यावर वाटी-चमच्याने थोडं वरचं दूध सांगितलं होतं. पुढच्या तपासणीला वजन छान भरलं, डॉक्टर म्हणाले आता वरचं बंद, फक्त आईचं. दुधाच्या पावडरचा डबा मात्र ओट्यावरच राहिला. बाळ रात्री ताईजवळ झोपायचं, भूक लागली की ती आणून देणार असं ठरलेलं. ती अकराला आणायची आणि मग एकदम पाचला. आम्ही खूश, मी तर फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो की आमची मुलगी सहा सहा तास सलग झोपते, एवढ्याशा पोराला सहा तास भूक कशी लागत नाही हे डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठली की बायकोची छाती दगडासारखी. मग गाठ, मग थंडी वाजून ताप, मग अँटिबायोटिक, आणि त्यातून उठेपर्यंत दूधच कमी झालेलं. त्याच सुमारास एकदा अडीच वाजता पाणी प्यायला उठलो तर किचनमध्ये लाइट चालू आणि ताई शांतपणे चमचा सपाट करून बाटलीत पावडर घालतेय. मला बघून दचकली वगैरे काही नाही. म्हणाली, "दादा, मॅडमची झोप मोडते ना, म्हणून." डबा उघडून बघितला तर तळ दिसत होता.

तिचा हेतू वाईट नव्हता आणि खरं सांगायचं तर आम्हालाही झोप हवीच होती. पण दूध मागणीवर तयार होतं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ प्यायला लागतं, आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन रात्री जास्त असतं, म्हणजे नेमकी रात्रच चुकवली की गाडी रुळावरून उतरते. परत रुळावर यायला आम्हाला तीन आठवडे लागले. एजन्सीला फोन केला तर म्हणे दुसरी बाई पाठवू का. या डब्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, पण घरातच पगारी प्रचारक ठेवल्यावर कायदा तरी काय करणार!

धाकट्याच्या वेळी म्हणून मावशी. सकाळी आठला यायच्या, दहाला जायच्या, खाडे सोडले तर. बाथरूममध्ये पाटावर पाय लांब करून बसायच्या, बाळ पालथं नडगीवर, आधी कोपराने पाणी बघायचं आणि तांब्यातलं पाणी थेट न टाकता स्वतःच्या तळहातावरून ओघळू द्यायचं. पोरगं रडायचं थांबून पाणी ऐकत पडायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळलं की तीन तास गप.

भांडणं झालीच. नाकात-कानात तेल घालणार, डोळ्यात काजळ घालणार, बाळाची छाती पिळून "दूध काढणार" (आईच्या हॉर्मोन्सने आलेली सूज असते ती, आपोआप जाते, पिळून उलट पू होतो), आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी. शेगडी-धुरीला मी सरळ नाही म्हटलं, बाकीच्याला "डॉक्टर ओरडतात हो" हे पुरलं. दोन दिवस गाल फुगवून होत्या, तिसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू घेऊन आल्या.

वजन, ताप, कावीळ मात्र ताई काय नि मावशी काय, कुणीच बघत नाही. माझी बहीण साताऱ्याजवळ खेड्यात बाळंत झाली तर तिच्याकडे आशाताई (सरकारच्या गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका) 42 दिवसांत सहा वेळा वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन आल्या, आणि हे घरी येऊन बाळ तपासणं मूळचं आपल्या गडचिरोलीचं, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून सुरू केलेलं, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. आमच्या सोसायटीत आशा नाही, म्हणून आम्ही फ्रिजवर कागद लावला: पीत नाही, मलूल आहे, अंग गार किंवा गरम, मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे, तर लगेच डॉक्टर.

मावशींचा खरा फायदा म्हणजे त्या रात्री नसायच्या. मग रात्र आमचीच. कंपनीने 5 दिवस रजा दिली, पुढे घरून काम. बाळ उचलून बायकोकडे द्यायचं, पाजून झालं की ढेकर आणि लंगोट माझ्याकडे. डोळे लाल व्हायचे, एकदा मीटिंगमध्ये घोरलोसुद्धा. पण डबा आणावाच लागला नाही.

जुळी असतील किंवा घरात तिसरं माणूसच नसेल, तर मात्र मी एजन्सीच घ्या म्हणेन, हट्ट नको. फक्त फोनवर आधीच एक विचारा, रात्री बाळ उठलं तर बाई काय करते. "मॅडमना उठवणार नाही, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर थँक्यू म्हणून पुढचा नंबर लावा.