बोट ओढण्यासाठी किफायतशीर गाडी : स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्याआधी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत हाहाकार उडवला होता. नुसती बोट असून भागत नाही, ती वेळेत पाण्यापर्यंत नेणारी गाडीही हाताशी लागते, हे आमच्या स्वयंसेवी बचाव गटातल्या सर्वांना तेव्हापासून पटलेले आहे. गटाचा खर्च वर्गणीतून चालत असल्यामुळे डिझेलचा हिशेब काटेकोरपणे ठेवावा लागतो. पुष्कळ विचार करून निवडलेल्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी), मॅन्युअल गिअरच्या गाडीचे हे परीक्षण बोट ओढण्याच्या कामापुरतेच आहे.

आमची बोट चौदा फुटी फायबरची असून तिला २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. ट्रेलर, इंधन, दोर आणि लाइफ जॅकेट धरून सारे ओझे सुमारे ६०० किलो भरते. हे वजन फार नाही. गाडीचे इंधन खरे खाते ते बोटीचा आकार आणि आपला वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो, आणि मागे येणारी रुंद बोट त्या विरोधात मोठी भर घालते. जाहिरातीत छापलेले मायलेज मात्र मोकळ्या गाडीचे आणि प्रयोगशाळेतले असते. त्या एका आकड्यावरून बोटीसाठी गाडी निवडणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

टाकी काठोकाठ भरून, परतल्यावर पुन्हा तितकीच भरून आम्ही मायलेज काढतो. कामठी, कन्हान, मनसरमार्गे रामटेकला आणि पुढे खिंडसी तलावापर्यंत जाताना ही गाडी बोटीविना लिटरला १५ किलोमीटरच्या आसपास देते. बोट जोडून ताशी ६० ते ६५ चा वेग राखला तर हाच आकडा ११ च्या थोडा वर राहतो. पण महामार्ग क्रमांक ४४ गुळगुळीत आहे म्हणून ९० पर्यंत पळवली की तो ९ च्या खाली उतरतो. शंभर किलोमीटरमागे दोन-अडीच लिटरचा हा फरक आजच्या भावाने दोनशे रुपयांच्या घरात जातो. गाडी कोणतीही असो, चालवणाऱ्याच्या उजव्या पायाइतकी बचत दुसरे काहीच करू शकत नाही.

मग मोठे इंजिन कशासाठी घ्यायचे, असा प्रश्न आमच्या बैठकीतही आला होता. स्कॉर्पिओ-एनचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३२ आणि १७५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) अशा दोन क्षमतांत मिळते. फोर बाय फोरला १७५ पीएसचे असून मॅन्युअल गिअरमध्ये त्याचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, ३७० न्यूटन मीटर आहे आणि तो मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासूनच हाती येतो. त्यामुळे उमरेड, भिवापूरवरून पवनीकडे जाताना ट्रक मागे टाकायचा असला तरी इंजिनाला ओरडत न्यावे लागत नाही. लहान इंजिन मोकळ्या रस्त्यावर काटकसरी असते; ओझे आले की तेच इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये, चढ्या फेऱ्यांवर राबते आणि त्याची बचत विरून जाते.

बोलेरो निओचा आम्ही गांभीर्याने विचार केला होता. दीड लिटरचे इंजिन, १०० पीएस, २६० न्यूटन मीटर, मागच्या चाकांना ताकद आणि भक्कम चेसिस ही तिची जमेची बाजू आहे. परंतु २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला एकच तारा मिळाला, तर स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले होते. मागे ६०० किलो ओढत भरपावसात जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवाचा प्रश्न असताना बोलेरो निओत वाचणारे लिटरमागचे दोन किलोमीटर मला महत्त्वाचे वाटले नाहीत. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडचे (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या गाडीचे) अधिकृत मायलेज २३ किलोमीटरच्या वर आहे, पण हायब्रिडची खरी बचत शहरात वारंवार ब्रेक लागतात तेव्हा होते, महामार्गावर अखंड ओझे ओढताना नव्हे. शिवाय तिची पुढची चाके फिरतात आणि ट्रेलर नेमका पुढच्या चाकांवरचाच भार हलका करतो.

हा मुद्दा पाण्याच्या काठावर स्पष्ट दिसतो. वैनगंगेच्या काठची काळी माती भिजली की चाकाच्या नक्षीत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. अशा उतारावरून भिजलेली बोट वर ओढताना स्कॉर्पिओ-एन लो रेंजमध्ये (वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये) टाकली, की ॲक्सिलरेटर जेमतेम दाबूनही ती पायी चालण्याच्या वेगाने, क्लच न जाळता वर येते. या एका कामासाठी फोर बाय फोरचे जास्तीचे वजन आणि त्यापायी जाणारे थोडे मायलेज मी आनंदाने सोसतो. ज्यांना फक्त सिमेंटच्या पक्क्या उतारावरून बोट सोडायची आहे, त्यांना इनोव्हा क्रिस्टा पुरेशी आहे. तिच्या मागच्या चाकांना ताकद मिळते आणि टॉर्क ३४३ न्यूटन मीटर आहे. हवा भरायची रबरी बोट असेल तर ती गुंडाळून डिकीत ठेवावी, ट्रेलरच्या भानगडीत पडूच नये.

तोल साधणे हे या साऱ्यातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ट्रेलरच्या दांडीचा गाडीच्या हुकावर पडणारा भार एकूण ओझ्याच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. आम्ही किराणा दुकानातला प्लॅटफॉर्म काटा आणून त्यावर दांडीचे टोक टेकवले आणि काटा ६० ते ७० किलोच्या दरम्यान येईपर्यंत बोट ट्रेलरवर थोडी थोडी पुढे-मागे सरकवली. भार कमी पडला तर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. जास्त झाला तर गाडीचे नाक वर उचलले जाते. हूक बंपरला नव्हे, चेसिसला बोल्टने बसवलेला असावा, सुरक्षेच्या साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेदून लावाव्यात, आणि ट्रेलरची चाके पाण्यात घालण्याआधी त्यांचे हब (चाकाचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग असते) थंड होऊ द्यावेत, कारण तापलेला हब पाण्यात बुडताच आत पाणी ओढून घेतो आणि बेअरिंग खराब होते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तिसरी रांग उघडली की सामानाला जागा जवळपास उरत नाही. आम्ही ती कायम दुमडूनच ठेवतो. गाडी साडेचार मीटरहून लांब असल्याने ट्रेलरसह महाल किंवा इतवारीच्या गल्लीत शिरण्याचा विचारही करू नये. फोर बाय फोर पेट्रोलमध्ये मिळत नाही, त्यामुळे जे वर्षातून मोजकेच फिरतात त्यांना डिझेल गाडीची किंमत वसूल होणार नाही. खरेदीपूर्वी ओढण्याच्या वजनाची मर्यादा विक्रेत्याकडून लेखी घ्यावी आणि हूक बसवल्याचे विमा कंपनीला कळवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरची नोंदणीही स्वतंत्र करावी लागते, तेव्हा ट्रेलर बनवायला टाकण्यापूर्वीच शहर, पूर्व नागपूर किंवा ग्रामीण, जे आपले आरटीओ कार्यालय असेल तेथे जाऊन कागदपत्रांची यादी घेऊन यावी.