घर-तपासणीचा अहवाल: ओल पकडतो, शांतता मोजत नाही

उपनगरातल्या शांत वसाहतीत जुनं स्वतंत्र घर घेताना विसार देण्याआधी तपासनीस बोलावता येतो. तो ओलावा मापक, थर्मल कॅमेरा आणि वायरिंग तपासायची साधनं घेऊन दोन ते चार तास घरभर फिरतो आणि फोटोंसह अहवाल देतो. ही सेवा घ्यावी, यात शंका नाही. फक्त जाडजूड अहवालातली मोजकी पानंच खरी कामाची असतात, आणि घराची सगळी परीक्षा त्यात होत नाही.

पैसे सर्वांत जास्त वसूल होतात ते ओल शोधण्यात. विकायला काढलेल्या घराला बहुतेकदा ताजा रंग असतो आणि त्याखाली पोपडे, खार, जुने डाग सगळं झाकलं जातं. बाथरूमला लागून असलेल्या खोलीतली, कपाटामागची भिंत तपासनिसाला आवर्जून दाखवा. चांगला माणूस तिथे एकदाच मापक टेकवून आकडा लिहीत नाही. जमिनीपासून सुरुवात करून दर १० सेंमीवर नोंद घेत वर जातो. आकडा तळाशी जास्त आणि साधारण मीटरभर उंचीवर एकदम उतरला, तर ओल जमिनीतून चढत असण्याची शक्यता जास्त. खाली कोरडं आणि मधल्या पट्ट्यातच चढला, तर भिंतीतला पाइप किंवा पलीकडचं बाथरूम.

मापकावरची टक्केवारी लाकडासाठी असते. चौकटीत २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला तर लाकूड कुजायचा धोका. गिलाव्यावर तोच आकडा फक्त तुलनेसाठी धरायचा, कोरड्या भागापेक्षा इथे किती जास्त, एवढंच. 'गिलाव्यात १८ टक्के पाणी' असं लिहिणाऱ्याला स्वतःचं यंत्र कळलेलं नाही. टोचायचा मापक मुळात विजेचा विरोध मोजतो, त्यामुळे भिंतीत क्षार साठले असतील तर भिंत बरीचशी सुकल्यावरही आकडा चढाच दिसतो. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. त्याला पृष्ठभागाचं तापमान दिसतं, पाणी नाही. निळा डाग ओलीचा असेल, नाहीतर नुसता एसीच्या झोताचा. त्या जागी मापकाची नोंद नसेल तर फोटो शोभेचा समजा.

कोरड्या हवेत केलेली तपासणी छताची गळती पकडेलच असं नाही. जमल्यास चांगला पाऊस पडून गेल्यावर वेळ ठरवा. सपाट गच्चीवर पाऊस थांबून ४८ तासांनीही पाणी साचलेलं असेल तर उतार चुकलाय. बाथरूमच्या फरशीची खरी परीक्षा म्हणजे जाळी बंद करून काही सेंमी पाणी २४ तास उभं ठेवायचं आणि खालचं छत बघायचं. तीन तासांच्या भेटीत हे बसत नाही म्हणून बहुतेक तपासनीस टाळतात. घरमालकाची परवानगी घेऊन स्वतंत्रपणे करून घ्या.

भेगांच्या बाबतीत अहवाल उगाच घाबरवतो. गिलाव्यातल्या केसाएवढ्या चिरांचे फोटो पानंच्या पानं भरतात. काळजी करायची ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या, आत-बाहेर एकाच जागी दिसणाऱ्या, ५ मिमीपेक्षा रुंद भेगेची. तिच्या शेजारचा दरवाजा चौकटीत अडकत असेल तर पाया एका बाजूला बसतोय असा संशय घ्यावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. तिथे 'लक्ष ठेवावे' लिहून मोकळं होणं ही पळवाट आहे.

वायरिंगची तपासणी ठीक असते, पण वरवरची. सॉकेटमध्ये खुपसायच्या तीन दिव्यांच्या टेस्टरला न्यूट्रल आणि अर्थिंगची अदलाबदल कळत नाही, अर्थिंग किती चांगलं आहे हेही नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबलं की यंत्रणा चालते एवढंच सिद्ध होतं. गळती झाल्यावर तो स्विच किती मिलिसेकंदांत वीज तोडतो हे मोजलंय का, ते विचारा.

घराबाहेरची पाहणी हा या सेवेचा कच्चा भाग. घरालगतची जमीन पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंमी बाहेरच्या बाजूला उतरायला हवी. जुन्या घरांत अंगणात फरशीवर फरशी चढत जाते, जोत्याची उंची कमी होते आणि पाणी भिंतीकडे वळतं. तपासनीस फोटो काढतो, पातळी क्वचितच लावतो. सेप्टिक टँकपुढे तर हटकून 'पाहता आली नाही' असं असतं, कारण झाकण फरशीखाली गेलेलं. टाकी सर्वसाधारणपणे ३ ते ५ वर्षांनी उपसावी लागते. शेवटची कधी उपसली ते विचारा. कोरड्या दिवसांतही शोषखड्ड्यावर गवताचा हिरवागार पट्टा असेल तर सांडपाणी नीट मुरत नाही. ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा घालायचे पैसे सहसा वेगळे लागतात. घर आणि चेंबर यांच्यामध्ये मोठं झाड असेल तर ते जरूर द्या, मुळं पाइपच्या सांध्यांतून आत शिरतात.

आता शांततेचं. ज्यासाठी उपनगरात यायचं, तिच्याबद्दल अहवालात ओळही नसते. तपासणी होते कामाच्या दिवशी सकाळी अकराला, म्हणजे गल्ली सर्वांत रिकामी असताना. रहदारीच्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर आवाज साधारण ३ डेसिबलच उतरतो, आणि कानाला निम्मा वाटायला १० उतरावा लागतो. मध्ये घरांची सलग रांग असेल तर फरक पडतो. झाडांच्या एका ओळीनं रस्ता दिसेनासा होतो, ऐकू यायचा थांबत नाही. झोपेसाठी खोलीत ३० डेसिबलच्या आसपास असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं १९९९ चं मार्गदर्शन सांगतं. किलकिल्या खिडकीतून साधारण १५ डेसिबल अडतात, म्हणजे बाहेर ४५. मोबाइल ॲपचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोननं दोन घरांची तुलना करायला पुरतो.

त्यामुळे हे काम स्वतःच करायचं. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, एकदा रात्री अकरानंतर, एकदा सुट्टीच्या संध्याकाळी. रात्री झोपायच्या खोलीत दिवे-पंखे बंद करून पाच मिनिटं उभं राहा, मग खिडकी लावून पुन्हा. शेजारच्या भिंतीवरचं एसीचं बाहेरचं युनिट, पाण्याचा पंप, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर यांची खालच्या पट्टीतली घरघर बंद काचेतूनही येते, आणि लागलेला डोळा उघडतो तो तिनंच. शेजारी रिकामा प्लॉट असेल तर विकास आराखड्यात तो कशासाठी राखलाय ते नियोजन कार्यालयात बघून घ्या. तपासनीस कुंपणापलीकडे बघत नाही.

नेमणूक करताना दोन गोष्टी. घर विकून देणाऱ्या एजंटनं सुचवलेला तपासनीस घेऊ नका. व्यवहार मोडला तर पुढचं काम त्याच्याकडे येईलच असं नाही. आणि करारातलं जबाबदारीचं कलम वाचा. चूक झाल्यास फार तर फी परत, अशी मर्यादा त्यात बरेचदा असते. तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. तोंडी 'इथे मला शंका आहे' म्हणणारा माणूस लिहिताना तेच वाक्य गुळमुळीत करतो.