'लायसन्स टू किल'ची न कापलेली डीव्हीडी: घ्यावी का?

१९८९ चा जेम्स बाँडपट 'लायसन्स टू किल' ज्यांनी ब्रिटनमध्ये थिएटरात किंवा कॅसेटवर पाहिला, त्यांनी तो पुरता पाहिलेलाच नाही. इथल्या सेन्सॉरने, म्हणजे बीबीएफसीने, त्याला कात्री लावली होती आणि कॅसेटही कापलेलीच निघाली. २००६ साली 'अल्टिमेट एडिशन' नावाने दोन डिस्कची डीव्हीडी आली, तिच्यात ते तुकडे परत जोडलेत. स्लाऊच्या एका चॅरिटी शॉपमध्ये ती मला दोन पौंडांत मिळाली. जुनी कॅसेट घरात होतीच, व्हीसीआरही अजून चालतो (आमच्या हिच्या मते दोन्ही अडगळ), तेव्हा एका शनिवारी दोन्ही लागोपाठ लावले.

सगळ्यात जास्त फरक जाणवतो तो क्रेस्टच्या मरणात. आपल्या या माणसाने पैसे खाल्ले असा सिनेमातला खलनायक, ड्रग्जचा स्मगलर सांचेझ, याचा समज होतो. बोटीवर डायव्हरांसाठी एक दाबाची टाकी असते, तिच्यात तो क्रेस्टला नोटांच्या गठ्ठ्यांसकट कोंडतो, दाब चढवतो आणि मग कुऱ्हाडीने नळीच तोडतो. कॅसेटवर हे सगळं झटक्यात उरकतं. झालं काय ते कळतं, पण पोटात गोळा येत नाही. डीव्हीडीवर क्रेस्टचं डोकं फुग्यासारखं फुगत जातं, फुटतं आणि टाकीची काच लाल होते. आमची ही इथेच उठली आणि चहा ठेवायला गेली. मी मात्र सांचेझकडे बघत होतो. रॉबर्ट डेव्हीने हा माणूस एरवी इतका शांत, इतका अदबशीर ठेवलाय की तो नेमका काय करू शकतो हे एकदा तरी धडधडीत दिसायलाच हवं. कापलेल्या प्रतीत तो नुसता श्रीमंत स्मगलर वाटतो.

बाँडचा मित्र फीलिक्स लायटर याचंही तेच. लग्न होऊन काही तास होत नाहीत तोच त्याला शार्कच्या हौदात सोडतात. त्या एका प्रकारापायी बाँड नोकरीवर लाथ मारून सूड घ्यायला निघतो, पुढचा अख्खा सिनेमा त्यावर उभा आहे. तेच घाईत गुंडाळलं तर टिमथी डाल्टन एवढा का भडकलाय असं वाटत राहतं. बिचाऱ्या डाल्टनला हा दुसरा आणि शेवटचा बाँड ठरला.

एका कापलेल्या जागेबद्दल मात्र माझी सेन्सॉरशी तक्रार नाही. सुरुवातीला सांचेझ आपल्या मैत्रिणीला, लूपेला, स्टिंगरे माशाच्या शेपटीच्या चाबकाने मारतो. परत जोडलेल्या फटक्यांनी त्याच्याबद्दल नवीन काही कळत नाही, ती बाई मात्र जास्त मार खाते. तेव्हा बीबीएफसी जेम्स फर्मन यांच्या हातात होती आणि बाईवरच्या हिंसेबाबत ते फार कडक होते. इथे ते मला पटतात.

एवढं कापूनही चित्रपटाला मिळालं '१५' प्रमाणपत्र, म्हणजे पंधराच्या खालच्यांना प्रवेश बंद. असं झालेला हा पहिलाच बाँडपट. तेव्हा पीजीच्या (मुलांनाही चालणाऱ्या प्रमाणपत्राच्या) वरची पायरी थेट १५ ची होती. '१२' आलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, 'बॅटमन'च्या वेळी, आणि हा सिनेमा जूनमध्येच लागला होता. म्हणजे शाळकरी पोरं तशीही बाहेरच राहिली आणि मोठ्यांना कापलेला सिनेमा बघावा लागला! पुढे १९९५ मध्ये 'गोल्डनआय'ला '१२' मिळावं म्हणून साधी डोक्याने मारलेली धडकसुद्धा काढली. आपल्याकडचा खाक्या वेगळा. २०१५ मध्ये 'स्पेक्टर' आला तेव्हा मुंबईच्या बोर्डाला खटकली ती चुंबनं, ती त्यांनी निम्मी करून टाकली.

किती कापलं हे नुसत्या मिनिटांवरून ठरवू नका. सिनेमा १३३ मिनिटांचा, पण ब्रिटिश डीव्हीडी पाल पद्धतीची. तिच्यात सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळतात, त्यामुळे एक फ्रेमही न कापता तो पाच-एक मिनिटं आधी संपतो. 'पाच मिनिटं उडवली' म्हणून बोंब मारणारे मी पाहिलेत. खरी काटछाट सेकंदांची आहे, फक्त ते सेकंद मोक्याचे आहेत.

चित्र कॅसेटपेक्षा किती स्वच्छ आहे ते वेगळं सांगायला नको. मेक्सिकोतलं ऊन आणि शेवटचा टँकरचा पाठलाग आता डोळे न ताणता बघता येतो. दुसऱ्या डिस्कवर वगळलेले प्रसंग आहेत, ते एकदा बघून सोडून देण्यातलेच. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांची कॉमेंट्री मात्र निवांत बसून ऐका.

पुण्याच्या भाच्याने लगेच विचारलं, "मामा, येताना आणशील का? इथे चालेल ना?" डीव्हीडींना जगाच्या भागांप्रमाणे रीजनचे नंबर असतात; ही डिस्क रीजन २ ची आहे, भारत रीजन ५ मध्ये येतो. प्लेअर मल्टि-रीजन असला तर चालेल, नाहीतर नाही. ब्लू-रे प्लेअर असेल तर सरळ ब्लू-रे घ्या, तीही न कापलेली आहे आणि चित्र आणखी चांगलं. जुन्यात शोधणार असाल तर कव्हरवर 'अल्टिमेट एडिशन' वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण २००६ च्या आधीची ब्रिटिश डीव्हीडी कापलेलीच आहे आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर पडलेल्या असतात.