गॅरेजमधील सिंक: छतापर्यंतचा व्हेंट की एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह?

अमेरिकेतील घरी गॅरेजमध्ये एक खोल सिंक असावे आणि दिवाळीत चकल्या तळलेली कढई, चिखलाचे बूट, बागेतली अवजारे तिथेच धुता यावीत, असे अनेकांना वाटते. सिंक आणि नळ निवडणे अवघड नाही. निर्णय अडतो तो सांडपाण्याच्या पाइपला हवा कुठून द्यायची, म्हणजे त्याचा व्हेंट (हवेचा पाइप) कसा असावा, या प्रश्नावर.

आम्ही घर घेतले तेव्हा गॅरेजमध्ये सिंक होते, पण त्याचा पाइप ट्रॅपमधून, म्हणजे सिंकखालच्या पाणी साठवणाऱ्या वाकड्या भागातून, निघून सरळ खाली जमिनीत जात होता. बादली ओतली की शेवटचे पाणी गटगट आवाज करत जाई आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पाऊल टाकताच कुजका वास येई. गटारातला वायू अडवते ते ट्रॅपमध्ये साठलेले २ ते ४ इंच पाणी. भरलेले सिंक एकदम रिकामे केले की धावते पाणी मागे पोकळी निर्माण करते आणि व्हेंट नसल्यास ट्रॅपमधले पाणीही ओढून नेते. अशा एस आकाराच्या ट्रॅपला अमेरिकेतील दोन्ही प्रमुख प्लंबिंग कोडमध्ये (नळकामाच्या नियमसंहितांमध्ये) मनाई आहे.

पहिला पर्याय म्हणजे ट्रॅपजवळून वर जाणारा, छताबाहेर उघडणारा व्हेंट. त्यात हलणारा एकही भाग नसतो, तो हवा आत घेतो तसाच पाइपमधला वाढलेला दाब बाहेरही सोडतो, आणि एकदा नीट बसवला की त्याच्याकडे सहसा पुन्हा पाहावे लागत नाही. भिंत उघडावी लागते आणि छताला भोक पडते, ही त्याची किंमत. मात्र गॅरेज आणि घर यांच्यामधल्या भिंतीत पलीकडच्या लाँड्रीचा किंवा बाथरूमचा व्हेंट असेल, तर नवा व्हेंट सिंकच्या काठापेक्षा किमान ६ इंच वर नेऊन मगच आडवा वळवता येतो आणि जुन्याला जोडता येतो. छताला हात लावावा लागत नाही. ही सोय असेल तर मी दुसरा पर्याय विचारात घेणार नाही. एवढे लक्षात ठेवावे की या भिंतीचा जिप्सम बोर्ड आग घरात पसरू नये म्हणूनही असतो, त्यामुळे पाइपभोवतीची फट योग्य साहित्याने बुजवणे आवश्यक आहे.

दुसरा पर्याय एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेचा. पाणी वाहू लागल्यावर पाइपमधला दाब घटला की तिचे रबरी झाकण उघडून हवा आत घेते आणि प्रवाह थांबताच स्वतःच्या वजनाने मिटते. सिंक बाजूच्या भिंतीला, जुन्या व्हेंटपासून दूर असेल, तर यामुळे बरीच तोडफोड वाचते. पण तो हवा फक्त आत घेतो, म्हणून घरात निदान एक व्हेंट बाहेर उघडणारा असावाच लागतो. रबर कधीतरी झिजतेच, तेव्हा झडप बंद भिंतीत गाडू नये. हात पोहोचेल अशा ठिकाणी, आडव्या पाइपपेक्षा किमान ४ इंच वर बसवावी.

यापुढे प्रश्न राज्याचा येतो. व्हर्जिनिया, जॉर्जिया यांसारख्या राज्यांचे नियम इंटरनॅशनल प्लंबिंग कोडवर आधारलेले आहेत आणि तो कोड ही झडप अटींसह मान्य करतो. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन युनिफॉर्म प्लंबिंग कोडच्या वाटेने जातात, आणि तिथे स्थानिक खात्याच्या मंजुरीशिवाय ती बसवता येत नाही. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतचे अंतरही बदलते: दीड इंची पाइपला पहिल्या कोडमध्ये ६ फूट, तर दुसऱ्यात जेमतेम साडेतीन, २ इंची पाइपला अनुक्रमे ८ आणि ५ फूट. गॅरेजच्या सिंकला मी २ इंची पाइपच घेईन, कारण माती आणि वाळू त्यातून सहज वाहून जाते. उतार फुटामागे पाव इंच ठेवावा.

गॅरेजची जमीन घराच्या ड्रेनपेक्षा खाली असेल तर पंप लागतो. पंपाच्या टाकीत पाणी शिरताना आतली हवा बाहेर ढकलली जाते, म्हणून तिथे झडप उपयोगाची नाही. टाकीचा व्हेंट बाहेरच उघडला पाहिजे.

थंड प्रदेशात ट्रॅप गोठतो, मग व्हेंट कोणताही असो. तिथे सिंक घराच्या उबदार भिंतीलाच घ्यावे आणि पाण्याचा बंद करण्याचा कॉक घराच्या आत ठेवावा. कढईतले तेल मात्र कोणत्याही ऋतूत सिंकमध्ये ओतू नये. ते पाइपमध्ये थिजते. थंड झाल्यावर डब्यात भरून ते कचऱ्यात द्यावे.

आम्ही शेवटी सिंक सहा फूट सरकवून मधल्या भिंतीला आणले आणि लाँड्रीच्या व्हेंटला जोडले. बोर्ड लावण्याआधी तपासनीसाने पाइपमध्ये पाणी भरून १५ मिनिटे एकेक सांधा पाहिला. परवाना घेतला असेल तर ही तपासणी होईपर्यंत भिंत उघडीच ठेवावी, नाहीतर लावलेला बोर्ड पुन्हा काढावा लागतो.